तुपातली गोळी

थोरल्या मुलीला बघायला मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला आणि मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "आपण काय करता?" मी म्हटलं, "गोळ्या करतो." ते म्हणाले, "वा, वा. आयुर्वेदिक का?" मी खरं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात बायकोनं आतून कपबशी आपटली. लग्न जमलं. आमचे व्याही अजून मला वैद्य समजतात आणि भेटले की गुडघ्याचं काहीतरी विचारतात. मी त्यांना एरंडेल चोळायला सांगतो. गुण येतो म्हणे.

तर मी वैद्य नव्हे. बारामतीहून इंदापूरकडं जाताना ऊस संपून माळ सुरू होतो तिथं आमच्या क्लबाची नेमबाजीची रेंज आहे. सरावाच्या पिस्तुलांसाठी शिशाच्या गोळ्या ओतायच्या, त्यातल्या चांगल्या निवडायच्या आणि काडतुसं भरायची, हे माझं काम. त्याआधी मी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ओतकाम करत होतो. तिथं पंपाचे भाग ओतायचो, इथं गोळ्या. भट्टी लहान झाली आणि माणसं विचित्र भेटायला लागली, एवढाच फरक.

क्लबाकडं या कामाचा सरकारी परवाना होता, जाड दाराची कोठडी होती आणि तिची किल्ली कमरेला बांधून हिंडणारे फौजेतले निवृत्त सुभेदार होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण मोबाइलवर व्हिडिओ बघून घरच्या गॅसवर शिसं वितळवायला निघालेला एखादा पठ्ठ्या मला दरसाल भेटतोच. त्याला मी सांगतो, बाबा, हे घरी केलंस तर पोलीस येतील, आणि पोलिसांच्या आधी ॲम्ब्युलन्स येईल.

आता थोडं धंद्याचं. लोक ज्याला गोळी म्हणतात ती गोळी नसते, ते काडतूस असतं. त्यात चार जिन्नस. एक पितळेची नळी. तिच्या बुडाला टिकली. दिवाळीत पोरं वाजवतात तिचीच थोरली, रागीट बहीण. नळीच्या पोटात दारू, उडणारी, चढणारी नव्हे. आणि तोंडाशी शिशाचा तुकडा बसवलेला, तेवढी फक्त गोळी. घोडा ओढला की टिकली भडकते, ती दारूला भडकवते आणि दोघींच्या भांडणात ज्या बिचारीचा काही संबंध नाही ती गोळी घराबाहेर पडते. संसारी माणसाला हे समजायला जड जात नाही.

नवा सभासद आला की पहिल्याच दिवशी विचारायचा, "मामा, सगळ्या कामाला चालंल अशी गोळी कंची?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरायचं. सगळ्या कामाला म्हणजे कुठल्या रे? आपल्याकडं काम एकच, कागदाला भोक पाडणं. पण पिस्तूल हातात आलं की माणसाला आपल्याला फार कामं आहेत असं वाटायला लागतं. एका बिल्डरला घड्याळाच्या पट्ट्याला शोभतील अशा पिवळ्याधमक गोळ्या हव्या होत्या. गावच्या फलकावर ज्याच्या नावामागं 'भावी' लागलेलं असतं असा एक तरुण आला, त्याला प्रत्येक गोळीवर स्वतःचं आद्याक्षर पाहिजे होतं. मी म्हटलं, "साहेब, गोळी कागदातून निघून मागच्या बांधात जाते. नाव मातीत घालायचं असलं तर आत्ता कोरतो." तो आला तसा गेला. पुढं निवडणुकीत पडला, पण त्यात माझा काही हात नाही.

तरी प्रश्न अगदीच खुळा नव्हता. नवशिका, मास्तरीण, रिटायर म्हातारा, सगळे एकाच डब्यातली काडतुसं उडवणार, तेव्हा सगळ्यांना चालेल अशी गोळी निवडणं भागच होतं. गोल नाकाची गोळी पिस्तुलात सुरळीत शिरते, पण कागद टरकावते. मग नेम कुठं लागला यावरून भांडणं. सपाट तोंडाची कागदाला पंचिंग मशीननं पाडावं तसं गोल भोक पाडते, पण काही पिस्तुलांच्या उंबऱ्यातच अडते. मी मधली वाट काढली. गोलच, पण शेंडा ठेचलेला. तिचं नाव मी 'नकटी' ठेवलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं हे मला ठाऊक असूनही ठेवलं, आणि पुढं जे झालं ते त्या नावामुळंच झालं असं बायको म्हणते.

नुसतं शिसं फार मऊ असतं, पिस्तुलाच्या नळीत माखून बसतं. फार कठीण केलं तर त्या नळीतल्या पिळाला, म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या चऱ्यांना, जुमानत नाही. आमचं नशीब असं, की बारामतीतला एक जुना छापखाना बंद पडला आणि त्याचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, क्लबाला मिळाली. खिळ्यांचं शिसं मुळातच कणखर. साध्या शिशात ते बेतानं मिसळलं की नकटी झकास उतरायची. एक ओळ तर जुळवलेली तशीच सापडली, 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की'. पुढं काय कळवायचं होतं देव जाणे. ती भांड्यात टाकताना मला खरंच वाईट वाटलं. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ मात्र मी हसत हसत वितळवली.

ओतलेल्या गोळ्या गार झाल्या की गोणपाटावर पसरायच्या आणि बायका तांदूळ निवडतात तशा निवडायच्या. साचा गार असला की गोळीच्या अंगावर सुरकुत्या पडतात, त्या बाजूला. कुठं पोकळी राहिली की वजनात कमी भरते, ती बाजूला. आणि मुख्य म्हणजे बूड. तोंड जरा वाकडं असलेली गोळी एक वेळ चालते, बूड वाकडं असलेली चालत नाही. नळीतून निघतानाच ती तिरकी होते. नापास झालेल्या सगळ्या परत भांड्यात. आमच्यात नापासाला घरी पाठवत नाहीत, पुन्हा जन्माला घालतात. आमचं गाव वरकुटे, वडिलांची मेंढरं होती. पाठीवरून नुसता हात फिरवून ते मेंढरू पारखायचे. एकदा रेंजवर येऊन माझी निवड बघत बसले आणि उठताना म्हणाले, "समदं खरं. पर ह्यांची लोकर कवा कातरायची?"

शेवटचं काम वंगणाचं. गोळीच्या कमरेला एक खाच असते, तिच्यात वंगण भरायचं, म्हणजे शिसं नळीला चिकटत नाही. हे वंगण तयार कांड्यांत बाहेरून यायचं. त्यात काय असतं ते डबीवर बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि इतक्या वर्षांत कुणी वाचलं नव्हतं. ते पहिल्यांदा वाचलं निरवांगीच्या तात्यांनी.

तात्या म्हणजे ऊसबागायतदार, मिशीला पीळ, आवाज असा की मोबाइलची गरज नाही. त्यांची मुलगी पूजा दिली माळेगाव बुद्रुकच्या आबांच्या मुलाला. आबा कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करून रिटायर झालेले, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजून. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून आबांनी क्लब धरला. कागद लावायला आणि काढायला बांधापर्यंत चालणं होतं. आणि आबा आले म्हणून तात्या आले. इवाई, म्हणजे व्याही, एक गोष्ट करतोय आणि आपण करत नाही हे तात्यांना सोसणारं नव्हतं. दोघांचा नेम सारखाच होता, म्हणजे दोघांनाही नव्हता. मागच्या मातीच्या बांधाला मात्र दोघांनी कधी चुकवलं नाही.

पूजाला मुलगी झाली. बारसं तोंडावर आलं आणि दोघे इवाई रेंजवर आले ते तोंडं फिरवूनच.

"नाव आमचं ठरल्यालं हाय," आबा म्हणाले. "गोदावरी. माज्या मंडळींचं."

"आवो आबा, गोदावरी?" तात्या म्हणाले. "पोरगी उद्या शाळंत गेली की पोरं म्हणत्याल, पूर आला, पूर आला. मायरा ठिवू. झ्याक हाय."

"मायरा म्हंजी काय?"

"म्हंजी... मायराच."

"मायंदाळ म्हणायचंय व्हय तुमाला? लई मायंदाळ नावं झाली का निरवांगीत?"

आमच्याकडं मायंदाळ म्हणजे रगड, भरपूर. तात्यांची मिशी हलायला लागली. तिथून पुढं दोघांनी एकमेकांची गावं, गावांची पाणीपट्टी आणि लग्नातला जिलेबीचा पाक इथपर्यंत सगळं काढलं. शेवटी सुभेदार ओरडले, "बस्स! रविवारी मॅच आहे. जो जिंकेल त्यानं नाव ठेवावं. आता तोंडं बंद."

सुभेदार हे गप्प करण्यासाठी बोलले. पण दोघांनी तिथल्या तिथं हातावर हात मारला. मुलीच्या आईबापांना कुणी विचारलं का? पूजाला फोन केला तर ती म्हणाली, "मामा, खेळू द्या त्यांना. दोघं तिकडं असली की हितं बाळ झोपतंय."

तात्या गेल्यावर आबा माझ्या शेडमध्ये येऊन बसले. मी गोळ्या निवडत होतो. मी सहज म्हटलं, "आबा, मायरा काय वाईट आहे? हल्लीची पोरं..."

"वाईट न्हाय," आबा म्हणाले. "मामा, मी तिला जल्मभर नावानं हाक मारली न्हाय. 'अगं' म्हणायचं, न्हायतर 'ऐकलं का'. आईम्होरं बायकूचं नाव घ्यायची रीत न्हवती. फुडं आई गेली, पर जीभच वळंना. दवाखान्यात नर्सनं इचारलं, पेशंटचं नाव काय, तर मी बाप्या माणूस लाजलो. पोराला सांगाय लावलं." त्यांनी एक गोळी उचलली, फिरवली, परत ठेवली. "आता म्हटलं, नातीला तरी मारावी. मोठ्यानं. पार वट्यावरनं रस्त्यापातूर ऐकू जाईल अशी."

माझे डोळे भरून आले. शिशाच्या वाफेनं आले असं मी त्यांना सांगितलं, पण त्या दिवशी भट्टी पेटवलेलीच नव्हती. मी तिथंच ठरवून टाकलं, आबांना जिंकवायचं. मग लक्षात आलं की दोघांनाही काडतुसं माझ्या एकाच डब्यातली मिळणार, तेव्हा माझ्या ठरवण्याला काडीचा अर्थ नाही.

शनिवारी सरावाला दोघे आले आणि तात्यांनी वंगणाची डबी डोळ्यांपासून लांब धरून वाचायला घेतली. जावयाला फोन करून एका शब्दाचं स्पेलिंग सांगितलं, अर्थ विचारला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "आबा, ह्या गोळीला चरबी लावत्यात बरं का. जनावराची."

आबांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि माळेला हात लावला. "खरं व्हय, मामा?"

डबी माझ्यासमोर होती. "लिहिलंय तसं," मी म्हटलं.

"मग माज्याच्यानं न्हाय व्हायचं. माळ घालून चरबीला हात? न्हाय."

"म्हंजी हारलं म्हणायचं," तात्या म्हणाले. "मायरा."

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. "अठराशे सत्तावन साली नेमकं हेच झालं होतं. त्या वेळी बंड करायला इंग्रज तरी होते. इथं कुणाविरुद्ध करायचं?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत शाकाहारी गोळी. हुकूम."

हुकूम सोपा असतो. मी घरी गेलो आणि थेट स्वयंपाकघरात शिरलो. बायको म्हणाली, "तुपाचा डबा कुठं निघाला?"

"गोळ्यांना पाहिजे."

"खरंच वैद्यकी काढली का काय?"

नुसतं तूप आमच्या उन्हात पाण्यासारखं वाहतं, त्याला आवळून धरायला मेण हवं. दुकानातली मेणबत्ती मला पटेना. आमच्या गल्लीत मध विकायला येणारा एक माणूस होता, त्याच्याकडून मधमाश्यांचं पोळं आणलं, पिळलं आणि मेण तुपात कढवलं. धुऊन घ्यायला हवं होतं. पण वेळ कुठं होता? थोडा मध राहिला असेल तर राहिला, मधानं कुणाचं काय बिघडलंय, असं मी स्वतःला समजावलं. शेडमध्ये दोघांना बोलावून वाटी दाखवली.

आबांनी वास घेतला. "तूप आन् मध. पंचामृतातलं हाय. देवाला चालतंय तर पिस्तुलाला न चालाय काय झालं?"

"दूध, दही, साखरबी घाला की," तात्या म्हणाले. "मग गोळी मारायची कशाला, तीर्थ म्हणून वाटा."

मी संध्याकाळपर्यंत बसून निवडक नकट्यांच्या कमरेला ते पंचामृत भरलं, मॅचची काडतुसं तयार केली, डबा बंद करून कोठडीत ठेवला, सुभेदारांनी कुलूप लावलं. इतका देखणा माल माझ्या हातून त्याआधी निघाला नव्हता. रंग तर लोणकढ्या तुपाचा.

रविवारी सकाळी डबा उघडला आणि मी दोन पावलं मागं सरलो. डब्यात मुंग्या. दाराच्या फटीतून, भिंतीवरून, टेबलाच्या पायावरून थेट डब्याच्या झाकणापर्यंत शिस्तशीर रांग, आणि प्रत्येक काडतुसाच्या गळ्यात मुंग्यांची माळ. साखरेच्या मुलखात राहून, तूप आणि मध नुसतं तसंच ठेवलं तर काय होतं हे आमच्याकडं पाळण्यातलं पोरही सांगेल. मला मात्र दिसलं नाही, कारण माझ्या मते ते खाणं नव्हतं, दारूगोळा होता.

एकेक काडतूस फडक्यानं पुसलं. मग घरोघरी तुपाच्या डब्याला करतात तेच केलं. रखवालदाराच्या खोलीतून परात आणली, तिच्यात पाणी ओतलं, मधे वीट ठेवली आणि विटेवर काडतुसांचा डबा. सुभेदार आले. पाण्यात उभ्या असलेल्या दारूगोळ्याकडं त्यांनी बोट दाखवलं.

"ये क्या है?"

"बंदोबस्त, साहेब."

"मी सरहद्दीवर नोकरी केली," ते म्हणाले. "तिथं शत्रू दिसायला जरा मोठा होता." आणि ते शिट्टी फुंकायला गेले.

मॅचला प्रत्येकी पाच गोळ्या. पहिला बार झाला आणि रेंजवर शिऱ्याचा वास पसरला. खोटं सांगत नाही. रवा तुपात परतताना येतो तोच. दुसऱ्या बाराला मागं बसलेले लोक हुंगायला लागले. तिसऱ्याला एक मास्तर उठून घरी फोन करून आले, आज गोडाचं काय केलंय म्हणून. नुसत्या शिट्टीनं शेपूट घालून पळणारं आमच्या माळावरचं कुत्रं त्या दिवशी चक्क जवळ येऊन लाळ गाळत बसलं. माझा जीव मात्र टांगणीला लागलेला, कारण शिसं विषारी आणि हात तुपानं माखलेले. हात धुतल्याशिवाय तोंडाला बोट लावायचं नाही हा माझा पहिल्या दिवसापासूनचा कायदा. तात्यांनी सवयीनं अंगठा तोंडाकडं नेला आणि मी किंचाळलो, "तात्या! चाटू नका! शिसं आहे!" त्यांचा हात खाली आला. पुढच्या वेळी पुन्हा वर गेला. मी पुन्हा किंचाळलो. मॅच अशी चालली होती.

आणि चमत्कार म्हणजे दोघांचे नेम लागत होते. ते वासानं झालं की इरेला पेटल्यानं, मला सांगता यायचं नाही. तात्यांच्या कागदावर पाच भोकं, त्यातली दोन तर इतकी खेटून की इंग्रजी आठासारखी जुळलेली. आबांच्या कागदावर चार. त्यातलं एक नेमकं काळ्या ठिपक्याच्या पोटात.

गुणांचा हिशेब झाला. आबांची पाचवी गोळी वाया गेली असं धरलं तर तात्या जिंकले. ती मधल्याच भोकातून गेली असं धरलं तर आबा जिंकले.

"चार भोकं, चार गोळ्या," तात्या म्हणाले. "पाचवी बांधात. मायरा!"

"पाचवी बी तितूनच गेली," आबा म्हणाले. "मला दिसली."

"गोळी दिसती व्हय तुमाला? आवो, चष्मा गाडीत इसरलाय तुमी!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी कागद उजेडाला धरला. माझ्या नकटीनं इतकं साफ भोक पाडलं होतं की त्यातून एक गेली की दोन, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. जन्मभर मी साफ भोकासाठी धडपडलो, आणि नेमकं ते हवं नव्हतं त्या दिवशी साधलं. कागदामागचा पुठ्ठा बघावा तर त्याची आधीच्या लोकांनी चाळण केलेली. आबा माझ्याकडं बघत होते. खोटं बोलावं असं मनात आलं. पण सुभेदारांनी माझ्या हातातून कागद काढून घेतले. "निर्णय जेवणानंतर." दोन्ही कागद कोठडीतल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, वर दगड, दाराला कुलूप.

जेवण म्हणजे भाकरी, वांगं आणि ठेचा. वासानं चाळवलेली भूक, त्यामुळं मी हात धुवून घ्यायला लावल्याबरोबर लोक तुटून पडले. आबा जेवले नाहीत. झाडाखाली बसून त्यांनी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटलं. नाम घेत असतील असं मला वाटलं. जवळून गेलो तेव्हा ऐकू आलं, "गोदावरी. गोदावरी." जीभ वळते का ते बघत होते.

सुभेदारांनी कुलूप काढलं आणि तिथंच थांबले.

सकाळची रांग परत आली होती. डब्याभोवती पाणी होतं, कागदांभोवती नव्हतं. गोळी कागदातून जाताना वंगण भोकाच्या काठाला पुसलं जातं, आणि ज्या काठाला तूप होतं त्या काठाला मुंग्या. तात्यांच्या कागदावर तीन सुट्या भोकांना मुंग्यांची एकेक बारीक कडी होती. चौथ्या ठिकाणी, जिथं दोन गोळ्या खेटून गेल्या होत्या, तिथं ही झुंबड. आबांच्या कागदावर कडेच्या तीन भोकांना तशीच एकेक बारीक कडी.

आणि मधल्या भोकाला झुंबड.

सुभेदारांनी भिंग काढलं, वाकून आधी एक कागद बघितला, मग दुसरा, मग परत पहिला.

"मुंग्यांस्नी काय कळतंय नेमबाजीतलं?" तात्या म्हणाले.

"तुपातलं कळतंय," आबा म्हणाले.

"मामांनीच चोळलं आसंल तूप मधल्या भोकाला!"

"किल्ली माझ्या कमरेला होती," सुभेदार म्हणाले. "आणि तुमच्या जोडभोकाला कुणी चोळलं, तात्या? तिथं दोन गेल्या हे तुम्हीच मघाशी गावभर सांगितलं. दोन गोळ्यांना किती मुंग्या लागतात ते तुमच्या कागदावर दिसतंय. तेवढ्याच इथं आहेत."

तात्यांनी बोट लावून मुंग्या मोजायला सुरुवात केली. मुंग्या कशाच्या थांबताहेत? "आरं, हुबं ऱ्हावा की जरा!" ते मुंग्यांवर खेकसले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि मधेच बोट थांबवलं. बोटावर चढलेली एक मुंगी त्यांनी हळूच कागदावर परत सोडली. मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "बरं. ठिवा गोदावरी. आमची काय वैरीण न्हवती इनबाई. तिच्या हातचं जेवलोय मी."

आबांनी त्यांना मिठी मारली. मॅचमध्ये दोघांनी तुपाचे हात सदऱ्यालाच पुसले होते, ते आता एकमेकांना लागलं आणि दोघांचे सदरे वाया गेले. त्या सदऱ्यांना वाटेत मुंग्या लागल्या आणि दोघे गाडीत खाजवत घरी गेले, असं पूजानं नंतर सांगितलं.

बारशाला मी गेलो होतो. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि गोदावरी नाव सांगितलं, बायकांनी पाठीत धपके घातले, घुगऱ्या वाटल्या. मग तात्या पाळण्यावर वाकले आणि माळेगावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बग गं मुंगे, तुज्या भावकीनं मला हारवलं!" बाळ हसलं. पोटात वारा धरला की बाळं हसतात, पण तात्यांना कोण सांगणार? आणि तिथून त्या मुलीचं नाव पडलं मुंगी. आई मुंगी म्हणते, बाप मुंगी म्हणतो, शेजारीपाजारी मुंगी म्हणतात. नाव शेवटी आपणच ठेवलं म्हणून तात्या अजून छाती काढून सांगत हिंडतात.

पिस्तुलांच्या नळ्यांना पुढं कित्येक दिवस चिक्कीचा वास येत होता. घासून घासून माझे खांदे गेले. क्लबानं ठराव करून तुपाला बंदी घातली आणि वनस्पतीच्या मेणाच्या कांड्या मागवल्या. त्या आधीच मागवता आल्या असत्या हे कळल्यावर सुभेदार माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मी निवृत्त झालो, आणि आता क्लब तयार काडतुसं विकत घेतो. सारखी, चकचकीत, एकीलाही सुरकुती नाही. त्यांचं बूड बघायला कुणी त्यांना उलटंसुद्धा करत नाही. याचं मला वाईट वाटतं. छापखान्याचे मूठभर खिळे मी भांड्यात टाकले नव्हते, ते घरी एका बरणीत आहेत.

परवा माळेगावला आबांकडं गेलो होतो. मुंगी आता शाळेत जाते. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, तिच्या आडोशाला पोरींचा खेळ चालला होता. आतून पूजानं हाक मारली, "मुंगे, दूध पी!" मुंगी हलली नाही. बापानं मारली, "मुंगे!" तरी नाही. मग आबा ओट्यावर उभे राहिले, एक हात खांबाला धरला आणि छाती भरून ओरडले, "गोदावरीऽऽ!"

रस्त्यावरनं जाणारा बैलगाडीवाला मागं वळून बघायला लागला. मुंगी धावत आली, धापा टाकत ओट्यापाशी थांबली.

"काय वो आबा?"

"काय न्हाय," आबा म्हणाले. "नुस्ती हाक मारली."

ती परत खेळायला पळाली. आमचा चहा आला. कप खाली ठेवून आबांनी पुन्हा हाक मारली.